चला, न्यूटनच्या घरी!

बालमित्रांनो, इंग्लंडमधला जुना जमीनदारी वाडा म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? उंच मनोरे, झुंबरं, कारंजी! पण आज आपण जाणार आहोत तो वाडा पाहून तुम्ही म्हणाल, ‘अरेच्चा, हे तर शेतकऱ्याचं घर!’ आणि ते बरोबरच आहे. लिंकनशायर परगण्यातलं हे वूल्सथॉर्प मॅनर. दगडी भिंती, बेताच्या खोल्या आणि पुढे सफरचंदांची बाग. १६४२ च्या नाताळात आयझॅक न्यूटनचा जन्म झाला तो इथेच.

वडील त्याच्या जन्माआधीच वारले होते. तो तीन वर्षांचा असताना आईने दुसरं लग्न केलं आणि त्याला आजीपाशी ठेवून ती निघून गेली. पुढे ती परतली, तेव्हा तिला वाटे, पोराने शाळा सोडून शेती बघावी. पण स्वारीचं लक्ष पुस्तकात! १६५९ साली याची डुकरं लोकांच्या पिकात शिरली, म्हणून चक्क दंड झाला. शेवटी मामाने आणि गुरुजींनी आईची समजूत घातली, तेव्हा कुठे तो पुन्हा शाळेत गेला.

भिंतीवर रेघोट्या ओढल्या म्हणून तुम्ही बोलणी खाल्ली असतील ना? या घरात २०१७ साली, खालच्या खोलीत, शेकोटीजवळच्या भिंतीवर कोरलेली पवनचक्की सापडली. नुसत्या डोळ्यांना ती दिसतच नव्हती. वेगवेगळ्या बाजूंनी उजेड टाकून फोटो काढले, तेव्हा ती उमटली. बहुधा लहानग्या आयझॅकचीच करामत! (आईबाबांनी हा भाग वाचला नाही तरी चालेल.)

आता बागेत या. १६६५ साली प्लेगमुळे केंब्रिजचं विद्यापीठ बंद पडलं आणि न्यूटन घरी आला. सफरचंद त्याच्या डोक्यावर आदळलं, ही मात्र थाप हं! फळ पडताना पाहून ‘ते सरळ खालीच का येतं?’ असा प्रश्न पडला, एवढंच त्याने म्हातारपणी, १७२६ साली, मित्राला सांगितलं.

ते झाड १८२० च्या वादळात कोसळलं. पण मुळं मातीत राहिली, तिथूनच नवे फुटवे आले. आजही त्याला फळं धरतात. नुसती खायला नव्हे, शिजवून खायची जात ती! पाहुण्यांच्या पायांखाली मुळं दबू नयेत म्हणून भोवती काटक्यांचं कुंपण केलंय.

याच झाडाच्या वंशातली रोपं आपल्या पुण्यात, डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘आयुका’ संस्थेतही लावली होती. त्यांना फळंही आली, पण पुढे ती जगली नाहीत. मूळचं झाड मात्र वूल्सथॉर्पच्या अंगणात अजून उभं आहे, न्यूटनच्या खोलीच्या खिडकीतून दिसेल असं.