झाडाचे तोंड

जून महिना उजाडला की आमच्या खेड्यापाड्यांतील घरांत एकच धांदल उडते. बारावी उतरलेल्या मुलांस कॉलेजात घालावयाचे असते. फीची जुळवाजुळव, दाखल्यांच्या नकला, वसतिगृहाची चौकशी, यांत आईबापांचा जीव मेटाकुटीस येतो. अशा वेळी कॉलेजच्या आवारातील झाडांकडे पाहण्यास सवड कोणास असणार? आम्ही मात्र पाहतो. कारण झाडांचे एक ऋण आमच्या शिरावर आहे, आणि ते आज वाचकांपुढे कबूल करावे असे आम्ही योजिले आहे.

काही वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या पालक-समितीवर आम्हांस घेण्यात आले होते. कॉलेजचे नाव सांगत नाही. दोषात आमचाही वाटा आहे. फाटकातून आत शिरताच तेथे विलायती शिरीषाचा एक प्रचंड वृक्ष होता. दिवस मावळू लागला की त्याची पाने हात जोडल्यासारखी मिटत. प्रवेशाच्या दिवसांत गावोगावच्या आया त्याच्या सावलीत शिदोरी सोडून बसत. परंतु पावसाळ्यात तेथे चिखल होई, आणि मोटारसायकली लावण्यास जागा अपुरी पडे. तेव्हा बुंध्यापर्यंत सारे अंगण सिमेंटने बांधून काढावे, असा ठराव आला. आम्ही हात वर केला. दाराशी उभा असलेला म्हातारा माळी एवढेच म्हणाला, "मास्तर, झाडाचं तोंड मुळांत असतंय. तोंडच बुजवलं तर ते खाईल काय?" आम्ही सारे हसलो. शिकलेल्या माणसांचे हसू ते!

पहिल्या वर्षी काहीच घडले नाही, आणि आपलेच खरे असे आम्हांस वाटले. दुसऱ्या वर्षी पालवी विरळ आली. तिसऱ्या वर्षी शेंड्याच्या फांद्या वाळल्या. पाचव्या वर्षी, श्रावणातील एका रविवारी, वाऱ्याच्या एकाच झोताने तो वृक्ष मुळासकट आडवा झाला आणि सायकलींची छपरी त्याखाली चिरडली गेली. रविवार होता म्हणून छपरीत कोणी नव्हते. दुसरा कोणताही वार असता तर काय झाले असते, या विचाराने आजही आमच्या अंगावर काटा उभा राहतो.

झाडाची मुळे पाताळात गेलेली असतात, असा आपला समज असतो. परंतु पाणी व पोषण शोषून घेणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरलेली असतात. त्यांस पाण्याइतकीच हवाही लागते. वर सिमेंट पडले की दोन्ही तुटतात. आणि ते घालण्यासाठी खणताना आधाराची जाड मुळेही कापली जातात. मग तेथे कूज शिरते आणि वरून हिरवे दिसणारे झाड आतून पोखरले जाते. माळ्याने एका वाक्यात हेच सांगितले होते. दिल्ली शहरात झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटरच्या आतील सिमेंट काढून टाकावे, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिला. कर्नाटकात १९७६ चा आणि गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. कुऱ्हाड चालविणाऱ्यास तो जाब विचारू शकतो. परंतु गळा दाबून मारलेल्या झाडाची फिर्याद कोणी न्यावी?

त्या दिवसापासून आम्ही माळ्याचे शिष्य झालो. त्याच्याकडून जे शिकलो ते थोडक्यात असे. रोप लावणे हा एका दिवसाचा समारंभ. ते जगविणे हे दोन-तीन उन्हाळ्यांचे व्रत. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा चार दिवसांनी भरपूर द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात. आधाराची दोरी सैल बांधावी आणि वेळेवर सोडावी. विसरलेली तार खोडात रुतून झाडास फास बसतो. गळलेली पाने जाळू नयेत. ती आळ्यात पसरावी, पण बुंध्याला चिकटू देऊ नयेत. खोडात खिळे ठोकून पाट्या लावू नयेत. फांदी काढावयाची झाल्यास करवतीने काढावी, आणि प्रथम खालून थोडी कापावी. नाहीतर पडताना ती खोडाची साल ओरबाडून नेते.

मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात फादर ब्लाटर (१८७७–१९३४) आणि त्यांच्या मागून फादर संतापाव (१९०३–१९७०) या परदेशांतून आलेल्या धर्मगुरूंनी आपल्या देशातील झाडे-झुडपे ओळखण्यात आयुष्य वेचले. ब्लाटर यांच्या नावाचा, वाळवून जपलेल्या वनस्पतींचा संग्रह त्या कॉलेजात आजही आहे. एवढी विद्या आपणा सर्वांस साधणार नाही. परंतु बादलीभर पाणी घालण्यास विद्या लागत नाही.

यंदा धाकट्या मुलीस आम्ही त्याच कॉलेजात घातले. माळी आता निवृत्त होऊन आपल्या गावी राहतो. समितीने पुढे उरलेल्या झाडांभोवतीचे सिमेंट फोडून घेतले, आणि पडलेल्या वृक्षाच्या जागी करंजाचे रोप लावले. ते आता आमच्या खांद्याला लागते. मुलीस सारी हकीकत सांगितली. ती काही बोलली नाही. पाण्याच्या बाटलीत जे उरले होते ते तिने आळ्यात ओतले.

वाचकहो, आपल्या मुलास पोहोचविण्यास जाल तेव्हा क्षणभर खाली पाहा. झाडाच्या बुडाशी माती दिसते की नाही, एवढे पाहा. दिसली नाही, तर कार्यालयात जाऊन नम्रपणे विचारा. आम्हांस त्या वेळी विचारणारा एकच होता, आणि आम्ही त्याचे ऐकले नाही.