जुने लुगडे, नवी दुकानदारी

महाविद्यालयात शिकणारी आपल्या वस्तीतील मुले-मुली हल्ली नोकरीच्या अर्जांबरोबर धंद्याच्याही गोष्टी बोलू लागली आहेत, ही समाधानाची बाब आहे. त्यांच्यापैकी काही जणींनी अलीकडे एक नवीच योजना आमच्यापुढे मांडली. जुने, पण टिकाऊ आणि देखणे कपडे गोळा करावयाचे, धुऊन-रफू करून त्यांचे फोटो मोबाईलवर टाकावयाचे आणि मागणी येईल तसे ते टपालाने पाठवावयाचे. मोठ्या शहरांत अशा कपड्यांना 'व्हिंटेज' म्हणतात. हा शब्द मूळचा द्राक्षांच्या हंगामाचा; पुढे तो जुन्या आणि नावाजलेल्या वस्तूंना चिकटला. साधारणपणे वीस वर्षांहून जुना कपडा या नावास पात्र समजतात. 2020 च्या टाळेबंदीत महाविद्यालये बंद होती, तेव्हा देशभरातील अनेक विद्यार्थ्यांनी इन्स्टाग्रामवर अशी दुकाने थाटली. त्यांतील काही टिकली, बरीच बंद पडली.

मुलींना आमच्याकडून हिशेब समजून घ्यावयाचा होता. घरची मंडळी मात्र नाराज होती. एका आजीने तर सरळच विचारले, "लोकांचं उतरलेलं अंगावर घालायचं आपण सोडलं, आता तेच विकायला बसणार का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून या वेळी हिशेबाआधी त्याचा विचार करू.

आजीचे म्हणणे

जुन्या कपड्याचा आणि आपल्या समाजाचा संबंध साधा नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत असे सांगितले आहे. चांडाळाने तर मृतांची वस्त्रे वापरावीत असा दंडक आहे. हे केवळ पोथीत राहिले नाही. गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महाराचा 'हक्क' मानला जाई. ज्याला हक्क म्हटले ती खरे तर गुलामीची खूण होती. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळण्यात आली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या माता-भगिनींपुढे भाषण केले आणि त्यात लुगड्याच्या नेसणीची गोष्ट काढली. जातीची ओळख पटवणारी नेसण सोडा, अंगावरचे जड, बेढब दागिने टाका, कपडे साधे असले तरी स्वच्छ ठेवा, असा त्या उपदेशाचा आशय होता. आयाबायांनी तो तत्काळ अमलात आणला. कपडा ही केवळ अंग झाकण्याची वस्तू नसून माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे, हे त्या आयाबायांना तेव्हाच उमगले होते. आजीचा राग या परंपरेतून आलेला आहे. त्याचा मान राखूनच पुढे बोलले पाहिजे.

आणखी एक गोष्ट तरुणांनी लक्षात ठेवावी. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात घेत नसत. धोट्यातील कांडी संपली की नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि स्पृश्य कामगारांना त्याचा विटाळ होई. विणाई खात्यात पगार जास्त, म्हणून तेथेच बंदी. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. म्हणजे उतरलेले वस्त्र आपल्याला सक्तीने, आणि नवे वस्त्र विणण्याची मात्र बंदी, असा हा न्याय होता.

तथागतांचे चीवर

मग जुना कपडा मुळातच हीन आहे काय? तसे म्हणता येणार नाही. आरंभीच्या काळात भिक्खू पांसुकूल म्हणजे उकिरड्यावर किंवा स्मशानात टाकलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, शिवून, रंगवून चीवर करीत. पुढे वैद्य जीवकाने उंची वस्त्र दान केले, तेव्हा तथागतांनी गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घेण्यासही अनुमती दिली. ज्याला चिंधी वेचावयाची त्याने वेचावी, ज्याला दान घ्यावयाचे त्याने घ्यावे. सक्ती कोणावरच नव्हती.

विनयपिटकातील आनंदाची कथा तर प्रत्येक गृहिणीने ऐकावी अशी आहे. राजा उदयनाच्या राण्यांनी भन्ते आनंदांना पाचशे चीवरे दिली. राजाला शंका आली की हा श्रमण एवढ्या वस्त्रांचे दुकान घालणार की काय! त्याने विचारले, तेव्हा आनंदांनी सांगितले की ज्यांची चीवरे फाटली त्या भिक्खूंना ही वाटू. जुन्यांचे काय? त्यांची पांघरुणे करू. तीही विरली की गाद्यांच्या खोळी, मग बैठका, मग पायपुसणी, मग फडकी. आणि शेवटी कुटून, चिखलात कालवून जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

आपल्या घरातील गोधडी, वाकळ याहून निराळे काय सांगते? लुगडे जुने झाल्याने लाज येत नाही. ते कोणी कोणाला, कोणत्या नात्याने दिले, यात लाज असते. गावकीचा तुकडा म्हणून मिळालेले नवे कापडही अपमानाचेच. रोख पैसे मोजून विकत घेतलेले, स्वतःच्या कष्टाने नीट केलेले आणि खरे सांगून विकलेले जुने लुगडे हा मात्र स्वाभिमानाचा व्यवहार आहे. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष हे पाच व्यापार उपासकाने करू नयेत असे तथागतांनी सांगितले. कापडाचा व्यापार त्यांत नाही. आजींनी एवढे ध्यानात घ्यावे अशी आमची नम्र विनंती आहे.

दुकानदाराचे तीन गुण

अंगुत्तर निकायात पापणिक सुत्त नावाचे एक सुत्त आहे. पापणिक म्हणजे दुकानदार. त्यात दुकानदाराचे तीन गुण सांगितले आहेत. तो डोळस असावा, कुशल असावा आणि त्याला आधार असावा.

डोळस कोण? हा माल एवढ्याला घेतला, एवढ्याला विकला, तर एवढे मूळ आणि एवढा नफा, हे ज्याला कळते तो. मुलींनी आम्हाला दाखवलेला हिशेब असा होता: 80 रुपयांना घेतलेला नग 300 ला विकला, नफा 220; बारा नग विकले की 2640 रुपये. कागदावर हे फार छान दिसते. आता खरा हिशेब मांडू. समजा, वीस नग घेतले. खरेदी 1600 रुपये. धुणे, इस्त्री, रफू मिळून नगामागे 30 धरले तर 600. पहिल्या महिन्यात बारा नग गेले. त्यांची पाकिटे 10 रुपयांप्रमाणे 120 आणि टपाल 60 रुपयांप्रमाणे 720. एकूण खर्च 3040, विक्री 3600. हातात उरले 560. शिवाय आठ नग घरात पडून आहेत आणि त्यांत 880 रुपये अडकले आहेत. ते नग विकले गेले तरच ते पैसे मोकळे होतील. म्हणून टपालखर्च गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यावा, आणि पहिले वीस नग विकल्याशिवाय पुढची खरेदी करू नये. कर्ज तर मुळीच काढू नये. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे, मुद्रा योजनेत 50,000 रुपयांपर्यंतचे शिशू कर्ज आहे. पण ती दारे सहा महिन्यांची वही हातात आल्यावर ठोठवावीत.

कुशल कोण? ज्याला खरेदी-विक्री जमते तो. येथे सोलापूरकरांना जन्मजात फायदा आहे. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून हे गाव कापडावर जगले. गिरण्यांचे भोंगे बंद झाले, तरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, चाटी गल्लीत कापडाची पारख अजून बोटांवर होते. आपल्या घराघरांतल्या ट्रंकांत इरकली लुगडी आहेत, खणाच्या चोळ्या आहेत, गिरणीच्या काळातील जाड चादरी आहेत, लग्नातले फेटे आहेत. जीन्स आणि टीशर्ट मुंबई-दिल्लीचे विद्यार्थी विकतातच. लाल-पांढऱ्या पदराचे जुने इरकल त्यांच्याकडे कोठून येणार?

पारख करण्याच्या काही साध्या रीती आहेत. कडेचा एक धागा जाळून पाहावा. केस जळाल्यासारखा वास आला तर रेशीम, कागद जळाल्यासारखा आला तर सूत, आणि धागा वितळून कडक मणी झाला तर तो कृत्रिम. रंग जातो का, हे ओले पांढरे फडके कोपऱ्यावर दाबून पाहावे. वाळवण सावलीत घालावे. रेशीम वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवले तर घडीवरच चिरते, म्हणून घडी बदलत राहावी. फोटोत डाग, भोक, विरलेली जागा स्पष्ट दाखवावी. मोजमाप इंचात द्यावे. वीस वर्षे जुने नसेल तर 'व्हिंटेज' म्हणू नये, 'वापरलेले' म्हणावे. खोटे न बोलण्याचे शील विहारात घेतो, ते मोबाईलवरही पाळावयाचे असते.

माल कोठून आणावा, हाही शीलाचा प्रश्न आहे. आधी ओळखीच्या घरांतून रास्त भाव देऊन घ्यावा. नंतर बोहारणीकडून. भांड्यांच्या बदल्यात कपडे घेत ती बाई दारोदार उन्हातान्हात हिंडते. तिच्याशी घासाघीस करून तिचा भाव पाडणे आपल्याला शोभत नाही. पूरग्रस्तांसाठी किंवा गरिबांसाठी दान म्हणून आलेला कपडा कदापि विकू नये. रफू, काज-बटण, फाटक्या लुगड्यांच्या गोधड्या ही कामे वस्तीतल्या भगिनींना ठरलेल्या मजुरीने द्यावीत. नुसते 'ताई, जरा करून द्या' म्हणू नये.

तिसरा गुण आधाराचा. सुत्तात म्हटले आहे की डोळस आणि कुशल दुकानदारावर धनिक लोक विश्वासाने भांडवल सोपवतात. आपल्या मुलांची नड नेमकी येथेच असते. चाटी गल्लीतील दुकानदाराच्या मुलाला मामा असतो, काका असतो, महिनाभर उधारीवर माल देणारा ओळखीचा व्यापारी असतो. आपल्या मुलीच्या पाठीशी पगारदार बाप किंवा मजुरीवर जाणारी आई, एवढेच. म्हणून तो आधार समाजाने द्यावयाचा आहे. महिला मंडळाने पहिल्या वीस नगांची गोळाबेरीज करून द्यावी. विहारातील एखादे कपाट माल ठेवायला द्यावे. सेवानिवृत्त कारकुनांनी दर रविवारी एक तास वही तपासावी. आम्ही तो तास देण्यास तयार आहोत.

कायदा आणि सावधगिरी

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकला तर वार्षिक 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर माल पाठवावयाचा असेल तर मात्र, काही अपवाद सोडता, उलाढाल लहान असली तरी नोंदणी करावी लागते. तेव्हा सुरुवात राज्यातच करावी आणि पुढे जाण्यापूर्वी कर सल्लागाराला विचारावे. उद्यम नोंदणी विनामूल्य होते. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, हे वाक्य मोबाईलजवळ लिहून ठेवावे. मुलींनी कपडे स्वतः घालून फोटो काढण्याची गरज नाही. हँगरवर किंवा चटईवर मांडले तरी विकले जातात. धंद्यासाठी निराळा मोबाईल क्रमांक घ्यावा.

आणि शिक्षण? त्यात तडजोड नको. परीक्षेच्या आधी एक महिना दुकानाला सुट्टी, ही पहिली अट. हजेरी बुडाली की शिष्यवृत्ती अडते, आणि शिष्यवृत्तीची रक्कम बारा लुगड्यांच्या नफ्यात भरून निघत नाही.

नाव लपवावे काय?

एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले की आडनाव दिसले तर गिऱ्हाईक येईल का? प्रश्न कडू आहे, पण खरा आहे. 1918 मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होण्यापूर्वी बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यवहारांविषयी सल्ला देणारी एक कचेरी काढली होती. परदेशात अर्थशास्त्र शिकून आलेला एवढा विद्वान सल्लागार, पण तो अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि ती बंद करावी लागली. म्हणजे नुकसान सल्ला चुकल्याने झाले नाही, तर जातीने केले.

आज दूरवरच्या गिऱ्हाइकाला आधी इरकलाचा काठ दिसतो आणि आडनाव पैसे पाठवताना दिसते. एवढा फरक पडला आहे. जात गेली असे कोणी समजू नये. दुकानाचे नाव हवे ते ठेवा. पण खाते, पावती आणि पाकिटावरचा पत्ता स्वतःच्या खऱ्या नावाचाच असू द्या. आडनाव पाहून मागे फिरणारे गिऱ्हाईक गेले तर जाऊ द्या. माल चांगला, वचन खरे आणि पार्सल वेळेवर असेल तर दुसरे येते आणि ते टिकते.

शेवटी नफ्याविषयी. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगाला, दोन भाग धंद्याला, आणि चौथा अडीअडचणीसाठी. पहिल्या महिन्याचे 560 रुपये हाती आले तर 140 घरी द्या किंवा खर्च करा, 280 मालात घाला, 140 बँकेत टाका. रक्कम लहान आहे, याची खंत नको. आपल्या आजीपणजीला उतरलेले कापड निमूटपणे घ्यावे लागे, भाव ठरवणे तिच्या हाती नव्हते. तिची नात आज त्याच कापडाचा भाव ठरवून पावती फाडू पाहते आहे. तिला अडवू नका. तिची वही मात्र दर रविवारी पाहा.

जयभीम!