स्वस्त लेथ घेण्यापूर्वी

आपला मुलगा आय.टी.आय.तून टर्नर होतो, चार-पाच वर्षे दुसऱ्याच्या कारखान्यात राबतो आणि मग घरात विषय निघतो, स्वतःची लेथ घेऊ या. विचार चांगलाच आहे. पण जुनी मशीन स्वस्तात मिळते म्हणून घरातला दागिना गहाण टाकण्यापूर्वी, बंधू-भगिनींनो, मुलाला सोबत घेऊन ती चालवून बघा.

ताज्या रंगाला भुलू नका, रंग डब्यातून येतो! लेथचा बेड चकाजवळ जास्त झिजतो, कारण बहुतेक काम तिथेच होते. कॅरेज चकाजवळ नीट आवळून हाताने टेलस्टॉककडे न्यावे. तिकडे ते अडकू लागले, तर बेड झिजला समजा. बेडला ग्राइंडिंग करायचे म्हटले की स्वस्ताई तिथेच संपली. नंतर चकात जाड सळई धरून, टेलस्टॉकचा आधार न देता, १०० मि.मी. लांबीवर हलका कट घ्यावा आणि दोन्ही टोके मायक्रोमीटरने मोजावीत. ०.०५ मि.मी. फरक आला, तर बेअरिंग बसवायच्या शाफ्टचे काम त्या मशीनवर होणार नाही. मग उरते ते कमी मजुरीचे काम.

वाहतूक, फाउंडेशन, टूल्स हेही किमतीतच धरा. लेथला बहुधा थ्री फेज मोटर असते, ती घरगुती सिंगल फेजवर सरळ चालत नाही. आणि काम कोण देणार, पैसे किती दिवसांनी देणार, हे आधीच विचारा. हप्ता दर महिन्याला येतो. विकणारा मशीन चालू करून दाखवत नसेल, तर बयाणासुद्धा देऊ नका.