समजून घ्या : रस्त्यांचा अनुशेष मोजला, कलेचा कधी मोजणार?

राज्यात प्रादेशिक अनुशेषाचा विषय निघाला की सिंचन, रस्ते, शाळा आणि दवाखाने यांची चर्चा होते. नाट्यगृह, तालमीची जागा आणि कलावंताचे मानधन यांची होत नाही. कलेवरचा सरकारी पैसा न्याय्य वाटला जातो का, हे ठरवायचे तरी कसे?

संविधान काय सांगते?

अनुच्छेद ३७१(२) नुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रात विकासनिधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवता येते. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्के, तर मराठवाड्याचा जवळपास २४ टक्के होता. समितीने मोजलेल्या क्षेत्रांत कला नव्हती. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विकास मंडळांची मुदतही ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

सर्वांना सारखे दिले की झाले?

नाही. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांवर, तर गडचिरोलीची पावणेअकरा लाखांच्या आसपास. जिल्ह्याला समान रक्कम दिली तर पुण्यावर अन्याय दिसतो, डोकी मोजली तर गडचिरोलीच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. त्यामुळे लोकसंख्येबरोबर कलावंतांची संख्या, अंतर आणि उपलब्ध सोयीही मोजाव्या लागतील.

निकषांचा प्रश्न

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियातली झाडीपट्टी रंगभूमी याचे उत्तम उदाहरण. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, मंडप पडतो, रात्रभर नाटक चालते. खर्च मुख्यतः तिकिटांतून निघतो. येथे प्रेक्षक भरपूर आहेत, पण पक्के नाट्यगृह जवळ नाही. शहरी नाटक डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या अर्जात हे काम बसवणे अवघड. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनातही राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशी वर्गवारी होती. आयुष्यभर पंचक्रोशीत गायलेला शाहीर आपोआप खालच्या वर्गात जाई. २०२४ मध्ये मानधन सरसकट दरमहा ५,००० रुपये झाले, हा योग्य दिशेचा बदल.

मग मुंबई-पुण्याचे कमी करायचे?

तेही चुकीचे ठरेल. राज्यभरातले कलावंत याच शहरांत पोट भरतात, इथली नाटके दौऱ्यावर जातात. चालू अनुदानाला कात्री न लावता वाढीव निधी आधी मागे राहिलेल्या जिल्ह्यांना देता येईल.

काय करता येईल?

• कलेवरचा जिल्हानिहाय खर्च दरवर्षी एका तक्त्यात जाहीर करावा.
• निवड समित्यांत त्या त्या भागातले जाणकार असावेत.
• अर्ज भरण्यासाठी तालुक्यातच मदत मिळावी.

यातली पहिली गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि तिच्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. आकडे समोर नसतील, तर ‘आमच्यावर अन्याय होतो’ आणि ‘कुणावरही अन्याय होत नाही’ ही दोन्ही वाक्ये नुसती भाषणेच राहतात.