काचेच्या घरातले पोटभाडेकरू

जागेची टंचाई माणसाने आपल्यापुरतीच ठेवावी, असे मला अलीकडे फार वाटू लागले आहे. दोन खोल्यांत तीन बिऱ्हाडे नांदवण्याची विद्या आपल्याला अवगत आहे, हे खरे. पण ती मुक्या प्राण्यांवर लादण्याचे काय कारण?

आमच्या वरच्या मजल्यावर काचेच्या टाकीत एक कासव आहे. कानापाशी तांबडा पट्टा, मूळ गाव अमेरिकेतील मिसिसिपीचे खोरे. दुकानात हे रुपयाएवढे मिळते आणि बघता बघता ताटलीएवढे होते. गेल्या महिन्यात त्या घरचा आठवीतला मुलगा माझ्याकडे आला. पाठीवर चांदण्या असलेले एक कासव कोणीतरी त्याला देऊ केले होते.

"आजोबा, आमचं कासव अगदी एकटं असतं हो. दोघांना एकाच टाकीत ठेवलं तर सोबत होईल. दोन्ही कासवंच ना?"

"अरे, पण पाहुण्याला पोहता येतं का, हे विचारलंस का?"

पोरगा चकितच झाला. कासवाला पोहता येत नाही, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते! पण चांदण्यांचे कासव हे कोरड्या माळरानावरचे, गवतपाल्यावर जगणारे. खोल पाण्यात ते बुडते आणि सततच्या ओलीत त्याच्या छातीत कफ भरतो. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते घरी बाळगणे हा गुन्हा आहे. हे ऐकून त्याच्या वडिलांनी ती देणगी परस्पर नाकारली, हे उत्तम झाले.

"मग दुसरं एखादं चालेल? पाण्यातलंच?" मुलाने चिकाटी सोडली नाही.

हा प्रश्न मात्र विचार करण्यासारखा आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगात आपल्यासारखी चूल नसते. ऊब त्यांना बाहेरून, उन्हातून घ्यावी लागते. तिच्यावाचून अन्नही पचत नाही. म्हणजे टाकीतली उन्हाची फळी हेच त्यांचे स्वयंपाकघर! आणि एका स्वयंपाकघरात दोन बिऱ्हाडे आली की काय होते, हे गृहिणींना मी काय सांगावे?

फ्रान्समध्ये हे नीट पारखून पाहिले आहे. तिथली देशी कासवे आणि ही तांबड्या कानाची कासवे तीन वर्षे एकत्र ठेवली. निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. मिश्र बिऱ्हाडातल्या देशी कासवांचे वजन घटले आणि त्यांतली पुष्कळ दगावली. अशाच दुसऱ्या निरीक्षणात असे दिसले होते की, उन्हाच्या चांगल्या जागा पाहुण्यांकडे जातात आणि देशी कासवे मुकाट्याने कमी प्रतीच्या जागी सरकतात.

रोगांची कथा तर याहून वाईट. कासवांच्या आतड्यात एक प्रकारचा अमीबा असतो. कासवाला त्याचा बहुधा काही उपद्रव होत नाही. पण तोच साप किंवा घोरपडीच्या पोटात गेला, तर जिवावर बेततो. नागराजाची गोष्ट निराळीच. साप हेच त्याचे मुख्य अन्न असल्यामुळे त्याच्या घरात दुसरा साप म्हणजे सोबती नव्हे, जेवण!

कोणी म्हणेल, चंबळेच्या वाळूवर सुसरी आणि कासवे शेजारी शेजारी ऊन खातात, त्याचे काय? खातात खरी. पण नदी मैलोगणती लांब आहे. शेजार पटला नाही तर उठून जाता येते. मोठ्या प्राणिसंग्रहालयांतही असा संसार थाटतात, तो ऐसपैस जागा, जाणकार माणसे आणि वेगळे करण्याची सोय असते म्हणून. तीन फुटी टाकीतून उठून जायचे कुठे?

सोबत ही आपली गरज आहे. ती आपण कासवाच्या नावावर खपवतो. त्याला हवे स्वच्छ पाणी, ऊन आणि आपली फळी. तेव्हा मंडळी, या दिवाळीत घरात नवा जीव आणायचा हट्ट मुलांनी धरला, तर आधी त्याच्या स्वतंत्र जागेचा हिशेब मांडा. आणि आहे त्याचा कंटाळा आला म्हणून त्याला गावच्या तळ्यात मात्र सोडू नका. तिथे आपली देशी कासवे राहतात, आणि फ्रान्समध्ये काय झाले ते आपण आताच पाहिले.