पहिली सायकल : तयार की घडविलेली?

दोन वर्षांपूर्वी याच वार्षिकांकात आम्ही हस्तकौशल्याची थोरवी गाणारा एक लेख लिहिला होता. बाजारातून आयती वस्तू आणणाऱ्यापेक्षा ती स्वतः जुळवून घेणारा अधिक शहाणा, असे त्या लेखाचे सार होते, आणि उदाहरणादाखल आम्ही सायकल घेतली होती. लेख मुलांना आवडला, पालकांनीही दोन बरे शब्द सांगितले, आणि आम्ही तो विसरूनही गेलो. परंतु लिहिणारा विसरला म्हणून वाचणारा विसरतोच असे नाही. आमच्या शाळेतून शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन गेलेल्या एका विद्यार्थ्याने तो लेख मनावर घेतला. गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही त्यास भेटावयास गेलो, तेव्हा त्याचा हात गळ्यात बांधलेला होता आणि हासळीचे हाड जुळून यावयास आणखी तीन आठवडे लागतील असे डॉक्टरांनी सांगितले होते. त्याने आमच्याविषयी एकही वावगा शब्द काढला नाही. म्हणूनच हा लेख लिहिणे आम्हांस प्राप्त झाले आहे.

त्यास हवी होती ती ‘फिक्स्ड गिअर’ सायकल. आपल्या नेहमीच्या सायकलीच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असते. आपण पायडल मारणे थांबविले तरी चाक फिरत राहते आणि तो ओळखीचा टिकटिक आवाज येतो. फिक्स्ड गिअरमध्ये ही सोय नाही. मागची दातेरी चकती चाकाच्या हबवर पक्की बसविलेली असते, त्यामुळे चाक फिरते आहे तोवर पायडल फिरणारच, आणि पायडलाबरोबर पायही. पाय उलटे रेटले तर चाकाचा वेग मंदावतो. कोणी म्हणेल, हे तर मागासलेले यंत्र झाले! एका अर्थी ते खरेच आहे. 1885 साली इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने जी ‘रोव्हर सेफ्टी’ सायकल बनविली, जिला आजच्या सर्व सायकलींची पूर्वज म्हणता येईल, तीही अशीच होती. फ्रीव्हीलचा प्रसार व्हावयास एकोणिसावे शतक संपत यावे लागले.

तथापि जुने ते टाकाऊ असे यंत्रांच्या बाबतीतही सरसकट म्हणता येत नाही. व्हेलोड्रोम म्हणजे उतरत्या भिंतींच्या लंबवर्तुळाकार धावपट्टीवरील शर्यती आजही याच सायकलींवर होतात. जपानात 1948 साली कोकुरा येथे ‘केइरिन’ नावाच्या शर्यती सुरू झाल्या, त्यांतही हीच सायकल. आणि आपल्या देशाचे म्हणाल तर अंदमानच्या एसो आल्बेन याने 2018 साली स्वित्झर्लंडमधील एगल येथे कुमारांच्या जागतिक स्पर्धेत केइरिनचे रौप्यपदक मिळविले, आणि पुढच्याच वर्षी जर्मनीत भारतीय कुमारांच्या चमूने सांघिक स्प्रिंटचे सुवर्णपदक जिंकले. ही वार्ता ऐकूनच आमच्या विद्यार्थ्याच्या मनात या सायकलीने घर केले होते. मुलाने असल्या गोष्टीचे वेड घ्यावे यात आम्हांस आजही काही गैर वाटत नाही. तास-तास हातातल्या पडद्याकडे पाहत बसण्यापेक्षा ते शतपटीने बरे.

आता घडले ते सांगतो. दुकानातील तयार फिक्स्ड गिअर सायकल त्यास ‘आयती’ वाटली. त्याने आजोबांची जुनी सायकल माळ्यावरून काढली. सांगाडा मजबूत होता, आणि आपल्या जुन्या काळ्या सायकलींची एक सोय अशी की, मागच्या चाकाच्या खाचा मागे उघडणाऱ्या असतात, म्हणून चाक मागेपुढे सरकवून चेन ताणता येते. फिक्स्ड गिअरला हेच लागते. मग त्याने मडगार्ड काढले, कॅरिअर काढले, स्टँड काढला आणि अखेर ब्रेकच्या कांड्याही काढल्या, कारण चित्रांतल्या सायकलींना ब्रेक नव्हते. हबचा प्रश्न उरला. तो एका दुकानदाराने दहा मिनिटांत सोडविला. त्याने फ्रीव्हीलच वेल्डिंग करून जाम करून टाकले. पैसे थोडे पडले आणि सायकल ‘फिक्स्ड’ झाली.

येथे जरा थांबून पेच नीट समजावून घेतला पाहिजे, कारण सारा अनर्थ पेचातच आहे. फ्रीव्हील हबवर उजव्या आट्यांनी फिरवून बसविलेले असते. पायडल पुढे मारले की ते आणखी घट्ट होते. परंतु पाय मागे रेटले की जोर उलट पडतो आणि आटे सैल होऊ लागतात. फ्रीव्हील मोकळे असताना ही भीती नसते, कारण उलटा जोर त्याच्यापर्यंत पोचतच नाही. जाम केलेल्या फ्रीव्हीलला मात्र तो पोचतो. खऱ्या फिक्स्ड हबवर यासाठी दोन तऱ्हेचे आटे कापलेले असतात. चकती उजव्या आट्यांवर बसते आणि तिच्या बाहेरून एक कडे डाव्या आट्यांवर आवळतात. चकती सुटू पाहील तर ते कडे अधिकच आवळले जाते. हे कडे दिसावयास क्षुल्लक आहे. एवढ्याशा कड्यावर सर्व भिस्त!

आमच्या विद्यार्थ्याच्या सायकलीस ते कडे नव्हते, आणि बसविण्याची जागाही नव्हती. टिळकवाडीच्या सपाट रस्त्यांवर आठ दिवस सर्व ठीक चालले. नवव्या दिवशी तो मित्रांसह येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेला. उतरताना वेग वाढला, त्याने पाय मागे रेटले, चकती सुटून हबवर गरगर फिरू लागली, आणि ज्यावर तो थांबणार होता तेच नाहीसे झाले. कांड्या घरी माळ्यावर होत्या. तो शहाणपणाने कडेच्या मातीत उतरला म्हणून हाडावर निभावले.

पायांवर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी थोडे गणित मांडतो. पुढे 46 दात आणि मागे 16 दात असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यात चाक 46 भागिले 16, म्हणजे 2.875 वेळा फिरते. चाकाचा परीघ सुमारे 2.1 मीटर धरला तर एका फेऱ्यात सायकल सुमारे 6 मीटर पुढे जाते. ताशी 30 किलोमीटर वेगास मिनिटाला सुमारे 83 फेरे पडतात, ते जमतात. उतारावर हाच वेग 45 झाला की फेरे 124 होतात. नवशिक्याचे पाय तेथे पायडल चालवीत नसतात, पायडलच पायांस चालविते. शिवाय पाय रेटून जो अटकाव होतो तो केवळ मागच्या चाकास, आणि थांबताना भार येतो पुढच्या चाकावर. म्हणून पुढचा ब्रेक हा अलंकार नव्हे. ब्रिटनमध्ये रस्त्यावरील सायकलीस दोन स्वतंत्र रोधक असावे लागतात. फिक्स्ड चाक त्यांतले एक मानले तरी पुढचा ब्रेक सुटत नाही. 2016 साली लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या अशाच सायकलीची धडक बसून रस्ता ओलांडणारी एक स्त्री मरण पावली, आणि दुसऱ्या वर्षी त्या तरुण स्वारास 1861 सालच्या एका जुन्या कायद्याखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. आमचा विद्यार्थी एकटाच पडला, दुसऱ्या कोणास लागले नाही, हे आम्ही भाग्यच समजतो.

तर मूळ प्रश्न. पहिली फिक्स्ड गिअर सायकल तयार घ्यावी की एकेक भाग निवडून घडवून घ्यावी? आमचे आजचे मत असे की पहिली तयारच घ्यावी.

घडवून घेण्याच्या पक्षाने बोलणारे म्हणतात की, तयार सायकल सर्वांसाठी असते, म्हणजे कोणासाठीच नसते. शिंप्याने माप घेऊन शिवलेला सदरा आणि दुकानातला सदरा यांत जो फरक, तोच येथे. उपमा चांगली आहे, परंतु ती पुरी वापरली पाहिजे. शाळा सुरू होताना आपल्या आया मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवून घेतात, कारण त्यांस ठाऊक असते की जूनमधले माप मार्चमध्ये राहणार नाही. सायकलीचा सांगाडा वाढत्या अंगाचा शिवता येत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे माप घेऊन बनविलेला सांगाडा अठराव्या वर्षी तोकडा पडेल. आणि शरीराची वाढ थांबलेल्या माणसालाही आपल्या सवयी पहिल्या वर्षी कळत नाहीत. हँडल किती पुढे असावे, खुर्ची किती वर, चढ कोणत्या दातांवर सोसतो, हे विचारून कळत नाही. बसून, दमून, गुडघे दुखवून कळते. कारागिराने मागितलेले माप मुळात आपल्यापाशीच नसेल तर तो बिचारा काय घडविणार?

पैशाचेही पाहावे. सुटे भाग घेतले की स्वस्त पडेल हा समज आम्ही स्वतः पसरविला आहे, तेव्हा तो आम्हीच मागे घेतो. कारखाना रिम, चेन, तारा घाऊक घेतो. आपण प्रत्येक भागाची किरकोळ किंमत मोजतो, आणि चुकीच्या मापाचा भाग आला तर दुसरा घेतो. जुना सांगाडा फुकट मिळाला तरी खरे फिक्स्ड हबचे चाक, योग्य चेन, क्रॅंक आणि ब्रेक यांची बेरीज तयार सायकलीच्या जवळ जाते. ज्या ठिकाणी पैसे वाचतात ते ठिकाण बहुधा हबच असते, आणि तेथे वाचविलेले पैसे कोठे गेले ते वर आलेच आहे.

तयार सायकल म्हणजे डोळे मिटून घ्यावयाची वस्तू, असे मात्र नव्हे. दुकानात जाऊन मागचे चाक वाकून पाहावे. हबच्या एका बाजूस फिक्स्ड चकती व दुसऱ्या बाजूस फ्रीव्हील बसते अशा दुहेरी हबच्या सायकली मिळतात. नवशिक्याने तीच घ्यावी. प्रथम फ्रीव्हीलच्या बाजूने चालवावी, मग एखाद्या रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात चाक उलटवून फिक्स्डचा अनुभव घ्यावा. डाव्या आट्यांचे कडे आहे ना, हे बोट लावून पाहावे. ब्रेक पुढे-मागे दोन्ही असावेत. दातांचा हिशेबही विचारावा. पाय एकाच स्थितीत अडकवून चाक घसरवीत थांबणाऱ्यांचे टायर ठराविक जागीच झिजते, आणि त्या जागा किती हे आमच्या सातवीच्या मुलांनाही काढता येईल. अपूर्णांकास संक्षिप्त रूप द्यावे आणि छेद पाहावा. 48 व 16 दातांचे रूप तीन छेद एक होते, म्हणजे टायर एकाच जागी झिजणार. 46 व 16 चे तेवीस छेद आठ, म्हणजे आठ जागी. 47 व 17 असतील तर सतरा जागी. मसावि कशास शिकावयाचा, असे वर्गात विचारणाऱ्यांसाठी हे उत्तर आम्ही राखून ठेवले आहे.

मग हस्तकौशल्याचे काय? ते तयार सायकलीवरही होते, किंबहुना तेथेच नीट होते, कारण बिघडलेले परत कसे असावे याचा नमुना समोर असतो. चाक काढा, चेन ताणा, छर्रे काढून ग्रीस भरा, चाकाचा आऊट काढावयास शिका. वर्षभराने खुर्ची बदलाल, मग हँडल, मग मागची चकती. असे करता करता एक दिवस मूळच्या सायकलीतला केवळ सांगाडा उरेल आणि तोवर आपले माप आपल्याला पाठ झालेले असेल. त्या दिवशी खुशाल कारागिराकडे जावे. जपानमधील केइरिनचे स्वार लहान कारखान्यांतून हाताने जोडलेले सांगाडे आपापल्या मापाने बनवून घेतात, ही गोष्ट खरी, आणि घडविण्याच्या पक्षाचे लोक ती अभिमानाने सांगतात. परंतु ते स्वार आधी शिक्षण घेऊन, परीक्षा देऊन तेथवर पोचलेले असतात, हे सांगावयाचे राहून जाते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडूनही राहिले होते.

आमच्या घरी कोकणी बोलतात. आम्ही डिचोलीस सायकलीवरून शाळेत जात असू तेव्हा मातोश्री दारातून ‘सवकास वच’ एवढेच म्हणत. हळू जा, असा त्याचा अर्थ. ती सायकल थोरल्या भावाची, दुकानातून तयार घेतलेली, आम्हांस दोन बोटे उंच होती.

गेल्या महिन्यात तो विद्यार्थी शाळेत आला होता. हाड जुळले आहे. शिकवण्या घेऊन साठविलेल्या पैशांतून त्याने तयार सायकल घेतली, दुहेरी हबची. शिपाईमामांकडे पंधरा नंबरचा पाना आहे काय, असे तो विचारीत होता. पाना मिळाला. त्याने व्हरांड्यात सायकल उलटी करून चाक सोडविले, कडे आम्हांस दाखविले आणि म्हणाला, “सर, हे बघा, डाव्या आट्यांचे.” चाक पुन्हा बसविल्यावर आम्ही पुढचा ब्रेक दोनदा दाबून पाहिला. तो लागत होता.