खरा आकडा सांगायला चार माणसं
बारामती-इंदापूरच्या एकट्या मालकांचा जाहीरनामा

आम्ही बारामती आणि इंदापूर तालुक्यांत एकट्याच्या जिवावर धंदा चालवणारी माणसं आहोत. कुणाचं एमआयडीसीत पेन्सिल चौकाच्या पुढं पत्र्याच्या शेडमध्ये दोन लेथचं वर्कशॉप आहे, कुणाचं लासुर्ण्यात कृषी सेवा केंद्र. कुणी निमगाव केतकीत डाळिंबाचं पॅकिंग करतं, कुणी भिगवणला उजनीची मासळी घेऊन पुढं पाठवतं, कुणी घराच्या मागच्या खोलीत मसाले कांडून पाकिटं भरतं. आमच्यात भागीदार कुणालाच नाही. संचालक मंडळ नाही, हिशेबाला वेगळा माणूस नाही. रबरी शिक्क्यावर ‘प्रोप्रा.’ आणि त्यावर एकच सही. ती सही करणाऱ्या माणसासाठी हा जाहीरनामा आहे.

आम्हाला माणसांची कमतरता नाही. पाहुणेरावळे आहेत, जत्रा आहेत, लग्नसराईत एका दिवसात तीन ठिकाणी अक्षता टाकाव्या लागतात. दुकानात सकाळपासून रात्री शटर ओढेपर्यंत कुणी ना कुणी बसलेलं असतं. तरीही आम्ही एकटे आहोत, कारण खरा आकडा सांगावा असं माणूस आमच्याकडं नाही. येणं किती अडकलंय, देणं किती थकलंय, बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) कुठवर भरत आलीय, सात तारखेचे पगार कशातून द्यायचे, हे सगळं फक्त आमच्या डोक्यात असतं. कामगाराला सांगितलं तर तो दुसरीकडं काम बघतो. माल देणाऱ्याला सांगितलं तर उधारी बंद होते. थोरल्या भावाला सांगितलं तर ‘नोकरी कर म्हणत होतो’ हे ऐकावं लागतं. आणि घरात सांगावं, तर तिचीही झोप आपल्याबरोबर जाईल या विचारानं शब्द ओठांवरच थांबतो.

हे लपवणं म्हणजे आमचा अडाणीपणा नाही. ‘अमक्याचं हललंय’ ही बातमी भिगवण रोडवरच्या चहाच्या टपरीवरून निघाली की संध्याकाळपर्यंत बावड्याला पोचते. दुसऱ्या दिवशी ज्यांची देणी महिनाभरानं द्यायची होती तेही दारात उभे राहतात, आणि जो धंदा तरला असता तो खरोखरच बसतो. म्हणून ‘मन मोकळं करा’ असं कुणी स्टेजवरून सांगतं तेव्हा आम्हाला त्याचा उपयोग होत नाही. मन मोकळं करण्याची किंमत आमच्या गावात रोकडीत मोजावी लागते. ती किंमत मोजावी लागणार नाही अशी जागा उभी करणं, एवढ्यासाठीच आम्ही एकत्र येत आहोत.

दूध संकलन केंद्र चालवणाऱ्याचं उदाहरण घ्या. आमच्या भागात हा धंदा गावोगाव आहे. पहाटे पाचला कॅन येऊ लागतात. नमुना मशीनला लावायचा, फॅट आणि एसएनएफचे आकडे पावतीवर येतात, पावती शेतकऱ्याच्या हातात जाते. ३.५ आणि ८.५ च्या खाली आकडा आला की दर कापला जातो, आणि तो दर ठरवणारा कुणीही असो, शिव्या केंद्रवाल्याला. दर दहा दिवसांनी शेतकऱ्याला पेमेंट द्यावंच लागतं, कारण त्यातूनच पेंडीचं पोतं यायचं असतं आणि पोरांची फी जायची असते. वरून येणारं पेमेंट लांबलं तरी ही दहा दिवसांची तारीख लांबत नाही. मग केंद्रवाला बायकोचं गंठण घेऊन सोनेतारण करायला जातो आणि शेतकऱ्यांचे पैसे वेळेवर भागवतो. गावात त्याचं नाव होतं, ‘माणूस शब्दाचा पक्का’. गंठणाचं त्या दोघांशिवाय कुणाला माहीत नसतं. कधी कधी तर तिलाही ‘पॉलिश करायला दिलंय’ असं सांगितलेलं असतं. नाव वाढत जातं तसा तो माणूस आतून आणखी एकटा पडत जातो, कारण आता मोडायला त्याच्याकडं गंठणाबरोबर नावही असतं.

कायदासुद्धा आम्हाला एकटं पाडतो, हे नीट समजून घ्या. प्रोप्रायटरशिप असली की धंदा आणि माणूस कायद्याच्या लेखी एकच. धंद्याचं कर्ज म्हणजे माझं कर्ज. वसुली राहत्या घरापर्यंत आणि सातबाऱ्यापर्यंत येऊ शकते. चेक परत गेला तर १३८ ची नोटीस माझ्या नावावर निघते आणि फौजदारी कोर्टात मी उभा राहतो. त्यामुळं धंदा बुडाला की मीच बुडालो, असं आमच्या मनानंही कायद्यासारखंच धरून ठेवलं आहे. आम्ही जाहीर करतो की आमच्या बैठकीत हा हिशेब चालणार नाही. धंदा तोट्यात गेला तर धंदा तोट्यात गेला. माणसाची किंमत त्या वहीत लिहिलेली नसते.

हा जिवाशी येणारा प्रश्न आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२० मध्ये देशात ११,७१६ व्यापारी-व्यावसायिकांनी आत्महत्या केल्या. आदल्या वर्षी हा आकडा ९,०५२ होता. शेती क्षेत्रातल्या आत्महत्या त्या वर्षी १०,६७७ होत्या. शेतकऱ्याच्या दुःखाशी आम्हाला तुलना करायची नाही, आमच्यातले निम्मे त्याच घरांतून आले आहेत. पण शेतकऱ्याच्या आत्महत्येवर निदान विधानसभेत चर्चा होते. दुकानदाराच्या आत्महत्येवर ‘कर्जबाजारी होता’ एवढी एक ओळ छापून येते. २ ऑगस्ट २०२३ ला कर्जतच्या स्टुडिओत नितीन चंद्रकांत देसाई गेले, तेव्हा महाराष्ट्र हळहळला. चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला कलादिग्दर्शक, स्वतःच्या हिमतीवर एवढं विश्व उभं केलेला मराठी माणूस. कर्जाचं प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेपर्यंत गेलं होतं. अशा जाण्याला कारण एकच कधी नसतं आणि त्यांच्या मनात काय होतं हे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण त्या दिवशी आमच्यातल्या कितीतरी जणांनी टीव्ही बंद केला आणि ते कुणाशीच काही बोलले नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे.

आम्ही ज्या मातीत धंदा करतो तिथं माणसं एकत्र आली की काय होतं, हे आम्ही पाहिलेलं आहे. १२ मे १८७५ ला आपल्या सुप्यात शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडची कर्जखतं जाळली. त्याआधी प्रत्येक कुणबी आपापल्या खताशी एकेकटा झुरत होता. ती आग पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरली, सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. आम्हाला कुणाच्या वह्या जाळायच्या नाहीत, आम्हाला आमच्या स्वतःच्या वह्या उघडायच्या आहेत. पुढं माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे सहकारी कारखाने उभे राहिले तेही एकट्याच्या ताकदीवर नाही. वालचंदनगरचं नाव घेतलं की आपल्याला एकटे शेठ वालचंद हिराचंद दिसतात. पण ठेकेदारीच्या सुरुवातीला त्यांच्याबरोबर रेल्वेतली कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक होते, आणि १९१९ मध्ये सिंदिया जहाज कंपनी काढली तेव्हा नरोत्तम मोरारजी होते. एकट्यानं साम्राज्य उभं केल्याच्या गोष्टी मुलांना सांगणं आपण थांबवलं पाहिजे. त्या खोट्या आहेत आणि त्यांचा भार आमच्या खांद्यावर आहे.

आमच्या आजोबांच्या काळी इर्जिक होती. ज्याची नांगरट मागं पडली तो सांगायचा, आणि ठरल्या दिवशी सगळ्यांच्या बैलजोड्या त्याच्या रानात. त्यानं फक्त जेवण घालायचं. पण इर्जिक बोलवायची तर आधी ‘माझं रान मागं पडलंय’ हे तोंडानं म्हणावं लागायचं, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. आम्हाला ती रीत परत आणायची आहे.

ती अशी. पाच-सहा जणांची एक बैठक. एका बैठकीत एकाच धंद्यातले दोघं नसतील, एकमेकांना माल देणारे-घेणारे नसतील, सोयरे नसतील. निम्मे बारामतीचे आणि निम्मे इंदापूरचे असतील, म्हणजे बारामतीच्या माणसाचा आकडा बारामतीच्या बाजारात फिरणार नाही. दोन तालुक्यांना एकत्र घेण्यामागं हेच कारण आहे, आणि पन्नासेक किलोमीटरचं अंतर इथं आमच्या उपयोगाला येतं. महिन्यातून एकदा भेटायचं. दर वेळी एकाची वही उघडायची आणि सगळा वेळ त्यालाच द्यायचा. पहिला तासभर बाकीच्यांनी फक्त ऐकायचं, सल्ला नंतर, तोही मागितला तर. बैठकीतलं बाहेर बोलणाऱ्याला पुन्हा बैठक नाही. त्यात दुसरी संधी नाही.

पैशाच्या बाबतीत आमचं मत कडक आहे. बैठकीत हातउसने द्यायचे-घ्यायचे नाहीत, कुणी कुणाला जामीन राहायचं नाही, भिशी लावायची नाही. भिशी चांगलीच आहे, आमच्यातले बरेच जण तीत आहेत. पण ज्याच्याकडून पैसे घेतले त्याला माणूस खरा आकडा सांगत नाही, हे आम्ही सगळेच अनुभवून आहोत. कारखान्याच्या निवडणुकीत कोण कोणत्या पॅनेलचा, लोकसभेला कोणाचा, हे चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायचं. या दोन तालुक्यांत हा नियम पाळणं सर्वांत अवघड आहे, म्हणून तो सर्वांत जास्त पाळायचा. विमा, स्कीम, प्लॉट यांपैकी काही विकायचं नाही. यशाची गुपितं सांगणाऱ्या वक्त्याला बोलवायचं नाही.

प्रत्येकाला एक जोडीदार असेल. महिन्याच्या वाईट तारखा आम्हाला पाठ आहेत: सात तारखेचे पगार, वीस तारखेचा जीएसटी, हप्त्याचा दिवस. त्या दिवशी जोडीदारानं फोन करायचा. ‘कसं काय, बरं आहे का’ विचारलं की ‘मस्त चाललंय’ हेच उत्तर येतं, म्हणून सरळ विचारायचं: पगार झाले का, रात्री झोप किती लागली, जेवलास का, किती प्यायलास. फोन उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी दारात जायचं.

आमच्यातल्या बायकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. धंदा तिचा, कष्ट तिचे, तरी ‘घरबसल्या काहीतरी करते’ असंच म्हटलं जातं. तोटा झाला तर ‘कुणी सांगितलं होतं’ हे घरातूनच येतं. तिला तोटा सांगायलाही जागा नाही आणि नफा सांगायलाही. त्यांची बैठक त्यांनी हवी तशी, हव्या त्या वेळेला, वेगळी किंवा मिसळून भरवावी. आणि पुरुष मालकांना सांगणं आहे: बँकेत पेन्सिलीची खूण केलेल्या जागी ‘इथं सही कर’ म्हणून तुम्ही जिला जामीनदार करता, तिला त्या कागदावरची रक्कम आधी सांगा. ज्या कर्जाला ती बांधली गेली ते तिला माहीत असणं हा तिचा हक्क आहे, आणि लपवण्याचं निम्मं ओझं त्या दिवशी उतरतं.

बाहेरच्यांकडं आमची मागणी थोडी आहे. उसाचं बिल १४ दिवसांत द्यावं असा १९६६ चा आदेश आहे आणि त्यासाठी लढणाऱ्या संघटना आहेत. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं असा २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. तरी नव्वद, एकशेवीस दिवस आम्ही गप्प बसतो, कारण तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल. यापुढं थकलेल्या बिलाचं पत्र त्या एकट्या मालकाला लिहावं लागणार नाही, बैठक बसून ते लिहील आणि या कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडं जायची वेळ आली तर बरोबर जाईल. त्यासाठी प्रत्येकानं आधी उद्यम नोंदणी करून घ्यावी. तिच्याशिवाय हा कायदा आपल्या हातात येत नाही. वसुलीवाल्यांना आमचं सांगणं आहे की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आम्ही वाचलेला आहे.

आणि जिथं आमची कुवत संपते तिथं आम्ही डॉक्टरकडं जाऊ. चार माणसांनी ऐकून घेणं म्हणजे उपचार नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, छातीत धडधड, पोरांवर विनाकारण हात उगारला जातो, दारू रोजची झाली, तर मानसोपचार तज्ज्ञाला दाखवायचं. ‘तिथं कुणी बघितलं तर’ ही भीती खरी आहे, म्हणून बैठकीतला एक जण सोबत जाईल आणि बाकावर शेजारी बसेल. ‘आता नको वाटतंय सगळं’ असं कुणी बोललं, तर ते गमतीत घ्यायचं नाही. त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना सांगायचं, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. गुप्ततेचा नियम इथं लागू नाही. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, फोनला पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. तो प्रत्येकानं आज मोबाइलमध्ये घालून ठेवावा.

बैठका रविवारी संध्याकाळी भरतील, कुणाच्या दुकानात किंवा शेडमध्ये नाहीत. देवळाचा मंडप किंवा शाळेचा वर्ग बघायचा. चहा ज्याची वही उघडायची त्याच्याकडून. पहिल्यांदा येताना वही आणू नका. एका कागदावर एवढंच लिहून आणा: एकूण येणं, एकूण देणं, आणि गेल्या महिन्यात घरखर्चाला किती दिले. कागदावर नाव घालू नका.